मुद्दलाला हात न लावता

माझ्या आत्याचं लग्न सरळव्याजामुळे जमलं. हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय, की शाळेत गणिताच्या तासाला 'मुदत काढा' हा प्रकार पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, बाईंना आमच्या घरची गोष्ट कुणीतरी सांगितली असणार. पुढे कळलं की मुद्दल, दर, व्याज आणि मुदत ही मंडळी सगळ्यांच्याच पुस्तकात असतात. आत्याकडे ती जरा जास्तच मुक्कामाला राहिली, इतकंच.

आत्या अठरा वर्षांची होती तेव्हा माझे आजोबा गेले. त्यांना ती आणि माझे बाबा अण्णा म्हणायचे. अण्णा लोखंडी कामावरचे फिटर. दूरच्या एका नदीवर पूल बांधायचं काम चाललं होतं, तिथे ते दोन वर्षं होते. नदीला पाणी चढलेलं असताना एक मचाण कोसळलं आणि तिघेजण खाली गेले. दोघांना बाहेर काढलं. अण्णांना नदीनं परत दिलं नाही. कंपनीनं त्यांची हत्यारांची पिशवी पाठवली आणि भरपाई म्हणून चार हजार पाठवले.

आजीनं ती पिशवी जिन्याखालच्या कपाटात ठेवली आणि पैसे कोपऱ्यावरच्या क्रेडिट सोसायटीत. पिशवी निदान पुसायला म्हणून कधीमधी बाहेर निघायची. पैशांना मात्र हात लावायचा नाही, हा तिचा शब्द होता. घरभाडं थकलं, बाबांच्या पायाचं हाड मोडलं, एका थंडीत तर आजी स्वतः महिनाभर अंथरुणाला खिळली, येईल ते व्याज त्यात गेलं, पण मुद्दल जागचं हललं नाही. "ते त्यांचे आहेत," एवढंच ती म्हणायची. 

घर चालवायला आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. बोर्डासमोर उंच स्टुलावर एका रांगेत चौदा मुली बसायच्या. समोर भोकांच्या रांगा, भोकावर इवलासा दिवा. दिवा लागला की दोरी खुपसायची, "नंबर सांगा" म्हणायचं, दुसरी दोरी दुसऱ्या भोकात, बोलणं संपलं की दोन्ही ओढून काढायच्या. आत्याचा आवाज गावात प्रसिद्ध होता. तो गोड होता असं कुणी म्हणणार नाही, पण तो ऐकला की माणसाला वाटायचं, आता फोन लागणार. हेडफोनच्या पट्ट्यानं तिच्या केसांत एक खळगी पडली होती, ती वेणी कशीही घातली तरी बुजायची नाही.

राहायला त्यांच्या दोन खोल्या होत्या, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. जिना बाहेरून. स्वयंपाकाच्या खिडकीतून मागचं धोबीखान्याचं अंगण दिसायचं, तिथे दिवसभर हॉटेलांच्या चादरी वाळत असायच्या. आजी त्या खिडकीशी बसून लोकांचे कपडे रफू करायची. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली तेव्हा बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, बारा वर्षांचे होते. एकदा शाळेची बिघडलेली विजेची घंटा त्यांनी खोलून दुरुस्त केली. झालं. हेडमास्तर स्वतः जिना चढून घरी आले. "याचा हात चांगला आहे. सतराव्या वर्षी याला तांत्रिक कॉलेजात घाला. तीन वर्षांचा खर्च राहण्या-जेवणासकट चोवीसशेच्या घरात जाईल. आतापासून तयारीला लागा."

आजीला हे ऐकून किती आनंद झाला, ते आत्या अजून सांगते. बापाच्या वळणावर गेला पोरगा, असं म्हणत ती दोन दिवस सुईत दोरा ओवायचं विसरून बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं चांगले कपडे घातले आणि आत्याला घेऊन सोसायटीत गेली.

सोसायटीच्या खिडकीत एक कारकून बसायचे. कानावर पेन्सिल, तोंडात दुसरी. गावात सगळे त्यांना पेन्सिलवाले म्हणत.

आजीनं विचारलं, "मुद्दलाला हात लावायचा नाही. नुसत्या व्याजातून चोवीसशे व्हायला किती दिवस लागतील?"

पेन्सिलवाल्यांनी तोंडातली पेन्सिल काढली. "चार हजार आहेत. दसादशे सहानं वर्षाचे दोनशे चाळीस. चोवीसशेला दोनशे चाळीसनं भागायचं. दहा वर्षं."

"व्याजावर व्याज नाही का धरत?"

"नाही. आमच्याकडे सरळ काम आहे. पहिल्या वर्षी दोनशे चाळीस, दहाव्या वर्षीही दोनशे चाळीस."

"पण दहा वर्षांनी मुलगा बावीसचा होईल. कॉलेज सतराव्या वर्षी लागतं."

"बाई, व्याजाला मुलांची वयं कळत नाहीत," पेन्सिलवाले म्हणाले. ते खवचटपणे म्हणाले नव्हते, पण आत्याच्या मनाला ते लागलं. घरी येताना ती आईला म्हणाली, "पाच वर्षांत करायचं तर मुद्दल आठ हजार पाहिजे." आजी म्हणाली, "मग बाकीचे चार कुठल्या झाडाचे तोडायचे ते सांग, मी पिशवी घेऊन येते."

आत्याच्या पगारातून महिन्याच्या शेवटी उरायचं ते ट्रामच्या तिकिटापुरतं, आणि ती ट्रामनं जायची नाही. तरीही तिनं तो हिशोब सोडला नाही. दोन हजार जास्त असते तर? सहा हजारांवर वर्षाचे तीनशे साठ, म्हणजे सहा वर्षं आठ महिने. उशीर होतो. तीन हजार जास्त असते तर? पाच वर्षं आणि साडेआठ महिने. तरी उशीरच. दुपारी बोर्डावर वर्दळ कमी असायची तेव्हा ती हे आकडे मनात फिरवत बसायची. एकदा एका गिऱ्हाइकानं नंबर मागितला तेव्हा ती "पाच वर्षं" म्हणून मोकळी झाली. पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, इतकी वाट नाही बघवणार, दुसरी लाइन द्या."

हे शेजारच्या स्टुलापाशी खाली बसून दोऱ्या तपासणाऱ्या मेकॅनिकनं ऐकलं. बोर्डाच्या मागचं सगळं तारांचं जंगल त्याच्या ताब्यात होतं. मुलींमध्ये त्याचं नाव तारवाला, आणि पुढे माझ्यासाठी तारकाका. तेव्हा ते तीस वर्षांचे होते, एकटे, एका भाड्याच्या खोलीत राहायचे, आणि त्यांच्याकडे एक मोटरसायकल होती. मोटरसायकल जुनीच, पण ते तिला रविवारी अशी पुसायचे की येणारे-जाणारे थांबून बघायचे. बोलायला मात्र अगदी कंजूस. मुली म्हणायच्या, याला एका शब्दाचे पैसे पडतात.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत ते आत्याच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "पाच वर्षांचं काय आहे?" त्यांनी विचारलं.

आत्यानं का सांगितलं, ते तिलाही माहीत नाही. चहा गार होईपर्यंत तिनं सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन निघून गेले, आणि पंधरा दिवस काही बोलले नाहीत. आत्या मनात म्हणाली, बरी फजिती करून घेतली. मग एके दिवशी ते पुन्हा आले आणि या वेळी खुर्ची ओढून बसले.

"माझ्याकडे चार हजार आहेत," ते म्हणाले. "तुमचे चार, माझे चार. पाच वर्षं."

"तुमचे पैसे मी का घेऊ?"

"घेऊ नका. शेजारी ठेवा."

"शेजारी म्हणजे?"

"एकाच खात्यावर. दोघांच्या नावानं."

आत्या म्हणाली, "व्याज मिळायला खातं एकच असावं लागत नाही. दोन खात्यांत ठेवले तरी तेवढंच मिळतं."

"हो," ते म्हणाले. "ते मला माहीत आहे."

आत्या सांगते, त्यानंतर कॅन्टीनमध्ये इतकी शांतता झाली की मागच्या नळाचं पाणी ऐकू यायला लागलं. प्रत्यक्षात तसं काही झालं नसणार, चौदापैकी सात मुली तिथे बसल्या होत्या आणि त्या काही गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. तारकाकांनी कपातली साखर बराच वेळ ढवळली. मग म्हणाले, "सोसायटीत विचारून आलो. जोडखात्याच्या अर्जावर एकमेकांचं नातं लिहावं लागतं. तिथे काय लिहायचं, ते तुमच्याशी बोलून ठरवावं म्हटलं."

आत्या उठून बोर्डावर गेली. दिवसभर तिनं एकही नंबर चुकवला नाही, याचा तिला अजून अभिमान आहे. संध्याकाळी फाटकाशी ते उभे होते. मोटरसायकल नव्हती.

"गाडी कुठे आहे?"

"दिली. अडीच हजार साठलेले होते. दीड कमी पडत होते."

"मी अजून हो म्हटलेलं नाही."

"नका म्हणू. घाई नाही. पैसे ठेवले की व्याज आपोआप चढतं."

त्या दिवशी ती ट्रामनं आली, कारण त्यांनी दोन तिकिटं काढली होती. घरी आल्यावर आजीनं एकच प्रश्न विचारला. "मुद्दलाला हात लावायला सांगतो का तो?" आत्या म्हणाली, "नाही." आजी म्हणाली, "मग जेवायला बोलाव."

लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं, चौघे साक्षीदार, पैकी एक पेन्सिलवाले. तारकाका आपली एक पेटी आणि हत्यारं घेऊन त्या दोन खोल्यांत राहायला आले. जावई घरात राहायला आला म्हणून शेजारी जरा कुजबुजले, पण आजीनं जावयाला असं काही सांभाळून घेतलं की आत्याच तक्रार करायची, मी यांची सून आहे का कोण. तारकाकांनी आल्या आल्या जिन्यावर दिवा लावला, खिडकीची बिजागरी बसवली, आणि अण्णांची पिशवी ज्या कपाटात होती त्याचं दार नीट केलं. पिशवी उघडली नाही. आजीच्या ते लक्षात आलं.

ती पाच वर्षं कशी गेली, असं विचारलं की आत्या म्हणते, चांगली गेली. सांगण्यासारखं काही नाही, चांगली वर्षं तशीच असतात. सकाळी दोघं बरोबर निघायची. रस्त्यात कधीतरी ती जुनी मोटरसायकल नव्या मालकाला घेऊन फटफटत जायची, आणि तारकाका नुसत्या आवाजावरून सांगायचे, "चेन सैल ठेवली आहे त्यानं." बस्स. वर्षातून एकदा चौघं सोसायटीत जायची. पेन्सिलवाले आकडा सांगायचे, चारशे ऐंशी, नऊशे साठ. मग बाहेर येऊन चौघं एकेक आइस्क्रीम खायची. आइस्क्रीमचे पैसे व्याजातून नाहीत हं, आजी दर वर्षी बजावायची.

बाबांनी दरम्यान एक काम धरलं होतं. पहाटे रस्त्यापलीकडच्या बेकरीतून पाव घेऊन चार गल्ल्यांत पोचवायचे. बेकरीचे मालक म्हातारे, पाठीनं वाकलेले, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. सुरुवातीला बाबा पाव पोचवून घरी यायचे. पुढे पुढे शाळेची वेळ होईपर्यंत तिथेच थांबायला लागले. अंगाला पिठाचा वास, भुवया पांढऱ्या. आजीला वाटायचं, पोरगा कष्टाळू आहे. कष्टाळू होताच, पण कुणाला त्यापुढचं काही दिसलं नाही.

पाचवं वर्ष भरलं. व्याज बरोबर चोवीसशे. कॉलेजात प्रवेशही मिळाला, तसं पत्र आलं. त्या रात्री जेवताना आत्या नव्या शर्टांबद्दल बोलत होती, दोन शिवायचे की तीन. बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "ताई, मी जाणार नाही."

"कुठे जाणार नाहीस?"

"कॉलेजात. मी उस्तादांकडे राहणार आहे. ते मला कायमचं ठेवून घ्यायला तयार आहेत."

आत्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचा तोल गेला. "पाच वर्षं," ती म्हणाली, "पाच वर्षं मी कानाला ते लोढणं लावून डोक्याला खड्डा पाडून घेतला. यांनी गाडी विकली. कशासाठी? पाव भाजायला?"

"मी मागितलं होतं का?" बाबा म्हणाले. "मला एकदा तरी विचारलं का कुणी? घंटा दुरुस्त केली, बास. उद्या मी नळ दुरुस्त केला असता तर तुम्ही मला प्लंबर केलं असतं."

"तुझा हात बसलाय लोखंडावर. अण्णांसारखा."

बाबांनी ताट बाजूला सरकवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मला लोखंडाचा वास सहन होत नाही, ताई. आई ती पिशवी पुसायला काढते ना, तेव्हा मी बाहेर निघून जातो. तुम्ही कधी बघितलं नाहीत?"

कुणीच बघितलं नव्हतं. आजीनं हातातला घास खाली ठेवला.

आत्यानं भावाशी अबोला धरला. दोन खोल्यांच्या घरात अबोला धरणं म्हणजे काय, हे ज्यानं धरलंय त्यालाच कळेल. सारखं एकमेकांना वळसा घालून जायचं, आणि मीठ हवं असेल तर तिसऱ्याला सांगायचं. तिसरे बहुधा तारकाका. महिनाभर ते मीठ देत राहिले. मग एका पहाटे ते न सांगता बाहेर पडले आणि दोन तासांनी गरम पाव घेऊन परतले.

"बेकरीत गेलो होतो," ते आत्याला म्हणाले. "त्याचा हात बघितला. पिठाला नुसतं बोट लावून सांगतो, अजून किती वेळ ठेवायचं. मला तारेवर तेवढा हात बसायला बारा वर्षं लागली."

"म्हणजे तुम्हीही त्याच्याच बाजूनं."

"बाजू कसली. पाव खा, गार होतोय."

आत्यानं पाव खाल्ला. चांगला होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. ती म्हणाली, "मग आता या चोवीसशेचं करायचं काय? तुमची मोटरसायकल तरी परत आणा."

"ती आता तिसऱ्याच्या हातात आहे. त्यानं तिचं पार मातेरं केलंय."

खिडकीशी बसून आजी एका कोटाचं अस्तर उसवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मला तो पूल बघायचा आहे."

घरात कुणी पुलाचं नाव काढत नसे. आठ वर्षांत आजीनं ते पहिल्यांदा काढलं ते त्या दिवशी.

चौघं निघाली. बाबांनी उस्तादांकडून सुट्टी घेतली, आत्या आणि तारकाकांनी रजा. दोन दिवस आगगाडी, मग बस. चोवीसशेतले पहिले पैसे तिकिटांवर खर्च झाले. डब्यात आत्या आणि बाबा समोरासमोर बसले होते आणि तरीही बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी खिडकीतून आत्याच्या डोळ्यात कण गेला. बाबांनी रुमालाचं टोक पिळून तो काढला, आणि मग "हलू नकोस", "दुखतंय का", "नाही", असं म्हणता म्हणता अबोला सुटला. आपण तो मोडला असं दोघंही कबूल करत नाहीत.

पूल दुपारी दिसला. आजी म्हणाली, "एवढाच?" तिच्या मनात तो आभाळाएवढा होता. साधाच लोखंडी पूल होता, राखाडी रंगाचा, त्यावरून ट्रक जात होते, सायकली जात होत्या, एक बाई डोक्यावर टोपली आणि कडेवर मूल घेऊन चालली होती. टोकाशी टोलची खोली होती. तिथल्या माणसाला आजीनं विचारलं, "चालत जाणाऱ्याला काही द्यावं लागतं?"

"नाही आजी. चालणाऱ्याला फुकट."

"हा बांधला तेव्हा तुम्ही इथे होता?"

"नव्हतो. मी नंतर लागलो. का हो?"

"आमचे हे होते," आजी म्हणाली. तो माणूस उभा राहिला, आणि त्यानं खोलीतलं स्टूल बाहेर आणून दिलं. आजी बसली नाही.

ती पूल चालत गेली. या तिघांना म्हणाली, मागे राहा. मधे मधे थांबून ती कठड्याच्या लोखंडावर हात ठेवायची. एकेका जोडावर रिव्हेटची गोल डोकी होती, शेकड्यांनी, सगळी सारखी. एका ठिकाणी तिनं ती अशी चाचपली, जसं रफू केल्यावर ती कापडावरून बोट फिरवून बघायची, गाठ लागते का. एक ट्रक गेला आणि सगळा पूल तिच्या पायाखाली थरथरला. आत्या धावत पुढे जायला निघाली, तारकाकांनी तिला दंडाला धरून थांबवलं. आजी पलीकडच्या टोकापर्यंत गेली, नदीकडे बघत उभी राहिली. मग परत आली. डोळे लाल होते, पण चालणं ताठ.

टोलवाल्याला तिनं विचारलं, "रोज किती माणसं जातात हो?"

"माणसं कुणी मोजत नाही, आजी. पण आधी लोकांना होडीनं जावं लागायचं, फार हाल व्हायचे. आता रात्री-अपरात्रीसुद्धा दवाखान्यात जाता येतं."

"मजबूत आहे," आजी म्हणाली. आणि मग, "मला भूक लागली आहे."

स्टँडजवळच्या खानावळीत ती पोटभर जेवली. बाबा सांगतात, आईला इतकं जेवताना त्यांनी त्याआधी पाहिलेलं आठवत नव्हतं. तीन दिवस ते तिथे राहिले. रोज सकाळी आजी पुलावर एक फेरी मारून यायची, ओळखीच्या रस्त्यावर जावं तशी. शेवटच्या दिवशी टोलवाल्याच्या बायकोनं तिला घरी चहाला नेलं.

परतीच्या गाडीत, सगळे पेंगत असताना, आजी म्हणाली, "घरी गेलो की मुद्दल काढा. याला भट्टी घेऊन द्या. उस्ताद थकलेत, त्यांना विचारा देतात का."

आत्या दचकून जागी झाली. "आई, तूच म्हणायचीस ते त्यांचे आहेत म्हणून."

"म्हणायचे. तेव्हा मी बघितलं नव्हतं." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "ते तिकडे उभे आहेत. सोसायटीत नुसते पैसे आहेत."

 बाबांनी आईची चप्पल बाकाखाली सरकली होती ती वाकून नीट लावली, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

सोसायटीत पेन्सिलवाल्यांना वाटलं, घरात कुणीतरी आजारी आहे. "इतकी वर्षं ठेवलेत आणि आता का मोडता?" त्यांनी विचारलं. आजी म्हणाली, "आता काम निघालं." उस्तादांनी भट्टी आणि दुकान ते चार हजार आणि उरलेलं व्याज घेऊन एकरकमी देऊन टाकलं, आणि स्वतः रोज सकाळी येऊन स्टुलावर बसून चुका काढत राहिले, मरेपर्यंत. तारकाकांचे चार हजार तसेच राहिले. आत्यानं त्यांना कितीदा म्हटलं, काढा, काहीतरी घ्या. ते म्हणायचे, "असू दे. खातं तर दोघांचं आहे ना."

मी जन्मले तेव्हा बेकरी चांगली चालू होती. आत्याला मूल झालं नाही, त्यामुळे माझ्या वाट्याला दोन घरं आली. शाळा सुटली की मी बेकरीतून एक गोल पाव घ्यायची आणि त्या जिन्यावरून वर जायची. आजी खिडकीशी असायची. उतारवयात तिला खर्च करायची भारी हौस आली होती. छत्री घे, चांगल्या चपला घे, एकदा तर तिनं लाल रंगाचा रेडिओ आणला आणि तो दिवसभर लावून ठेवायची. एका थंडीच्या सकाळी ती झोपेतच गेली. त्या दिवशी बाबांनी भट्टी पेटवली नाही, आणि गल्लीत कुणी पाव मागायला आलं नाही.

एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं तो दिवस मला आठवतो. मी सातवीत होते. आत्यानं मला बरोबर नेलं होतं. चौदातल्या पाच जणी राहिल्या होत्या. एकेक दिवा विझत गेला आणि पुन्हा लागला नाही. मग मोठ्या साहेबांनी तारकाकांना खूण केली. बोर्डाच्या मागच्या तारा कापायच्या होत्या, आणि त्या त्यांनीच जोडलेल्या होत्या. ते पक्कड घेऊन आत गेले. आम्हाला फक्त आवाज येत होता, टक, टक. बऱ्याच वेळानं बाहेर आले, हात पुसले आणि आत्याला म्हणाले, "चल." बाकीच्या बायका रडत होत्या. ही दोघं ट्राम असूनही चालत घरी आली, आणि मी मधून.  कोपऱ्यावर आइस्क्रीमवाला होता, तिथे तारकाकांनी तीन घेतली.

तारकाकांना जाऊन आता सहा वर्षं झाली. आत्या अजून त्याच खोल्यांत आहे. खालचं सायकलचं दुकान गेलं, तिथे मोबाइल दुरुस्ती आली आहे. धोबीखाना मात्र आहे. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा ती धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती, एकटीच, एक टोक हनुवटीखाली धरून. मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी चादर ताणली, दुमडली, एकमेकींकडे चालत आलो, तिनं माझ्या हातातली टोकं घेतली. पुढची चादर. असं चार-पाच वेळा झालं.

"तुझ्या बापाला सांग," ती म्हणाली, "आता वय झालं, पहाटे उठणं सोड म्हणावं. ऐकायचा नाही, पण सांग."

"सांगते."

"आणि ते टोक नीट धर. सुरकुती पडली बघ."

मी टोक सोडून पुन्हा नीट धरलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि चादरीला साबणाचा वास येत होता.